ट्रॅव्हल क्रेडिटवालं क्रेडिट कार्ड: फी भरण्याआधी करायचा हिशेब

बँकेतून फोन येतो. समोरचा माणूस जिल्हा परिषदेचा शिक्षक असो, तालुक्याचा डॉक्टर असो की पुण्यात नोकरी करणारा गावचा पोरगा, बोलणं ठरलेलं असतं. "सर, वर्षाची फी दहा हजार आहे, पण दहा हजारांचं ट्रॅव्हल बेनिफिट परत मिळतं. म्हणजे कार्ड फुकटच पडलं ना!" मग तो पोरगा गावी काकांना फोन लावतो: "काका, विमानाचं तिकीट फुकट भेटते म्हणते बँकवाली, घेऊ का कार्ड?"

घ्यावं की नाही, हे ज्याच्या त्याच्या प्रवासावर अवलंबून आहे. पण ते ठरवायचं कसं, हे वणी-पांढरकवड्याकडच्या माणसाला कोणी नीट सांगत नाही. जी माहिती मिळते ती मुंबई-बंगळुरूच्या माणसासाठी असते, जो महिन्यातून दोनदा विमानतळावर असतो. आपल्याकडे नागपूरचं विमानतळ गाठायलाच अर्धा दिवस जातो. म्हणून हिशेब इथूनच मांडू.

आधी समजून घ्या: हा पैसा कोणाचा?

ट्रॅव्हल क्रेडिट म्हणजे कार्ड कंपनीने ठरवलेल्या रकमेइतका तुमचा प्रवासखर्च वर्षातून एकदा माफ करणं. तुम्ही कार्डाने तिकीट काढता आणि काही दिवसांनी तेवढी रक्कम स्टेटमेंटमध्ये जमा दिसते. ही रक्कम येते तुम्हीच भरलेल्या वार्षिक फीमधून. आधी फी घेतली आणि तिचा एक भाग अटी लावून परत दिला, असा हा व्यवहार आहे. अटी जितक्या सैल, तितकी ती रक्कम रोख पैशाच्या जवळची. अटी जितक्या घट्ट, तितकी तिची खरी किंमत कमी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हा प्रकार खऱ्या अर्थाने अमेरिकेत रुजला. तिथली तीन कार्डं पाहिली की अटींचा फरक लगेच कळतो. आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं आता तिकडे आहेत, त्यामुळे ही माहिती अगदीच परकी नाही.

चेस या अमेरिकन बँकेचं सफायर रिझर्व्ह कार्ड २०१६ मध्ये आलं. त्यावर वर्षाला ३०० डॉलरचं ट्रॅव्हल क्रेडिट आहे आणि ते सगळ्यात सैल आहे. विमान, हॉटेल, रेल्वे, टॅक्सी, टोल, पार्किंग, यांतलं काहीही कार्डाने भरा, ३०० डॉलर पुरे होईपर्यंत रक्कम आपोआप परत जमा होते. अर्ज नाही, कूपन नाही. मुलाने तिथून आई-वडिलांचं नागपूर-पुणे विमानाचं तिकीट या कार्डाने काढलं तरी तो प्रवासखर्चच धरला जातो. परदेशी चलनातल्या व्यवहारावर जादा शुल्कही लागत नाही. पण फी बघा: सुरुवातीला ४५० डॉलर होती, पुढे ५५० झाली आणि २०२५ मध्ये थेट ७९५. तीनशे वजा केले तरी ४९५ डॉलर खिशातून जातातच.

कॅपिटल वनच्या व्हेंचर एक्सची फी ३९५ डॉलर आणि क्रेडिट तेवढंच, ३०० डॉलर. पण ते फक्त त्यांच्या स्वतःच्या बुकिंग संकेतस्थळावर चालतं. विमान कंपनीकडून थेट तिकीट घेतलं तर काही मिळत नाही.

तिसरं अमेरिकन एक्स्प्रेसचं प्लॅटिनम. त्यावरचं २०० डॉलरचं एअरलाइन क्रेडिट तिकिटासाठी नाहीच. तुम्ही आधी एक विमान कंपनी निवडायची, आणि तिचं सामानाचं शुल्क वगैरे किरकोळ खर्च तेवढे परत मिळतात. शिवाय ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षाने मोजलं जातं, कार्ड घेतल्याच्या तारखेने नाही. ऑक्टोबरमध्ये कार्ड घेतलं तर पहिल्या वर्षाचं क्रेडिट वापरायला तीनच महिने हातात राहतात.

तिन्हींच्या जाहिरातीत "ट्रॅव्हल" आहे, पण पहिल्याचे ३०० जवळजवळ पूर्ण मोजता येतात आणि तिसऱ्याचे २०० कित्येकांच्या हाती लागतच नाहीत.

आपल्याकडे ते कोणत्या रूपात येतं

भारतात असं आपोआप जमा होणारं क्रेडिट क्वचितच दिसतं. आपल्याकडे तोच फायदा चार वेशांत येतो. एक, कार्ड घेताना मिळणारं व्हाउचर. एसबीआय कार्ड एलिटची फी ४,९९९ रुपये अधिक कर आणि स्वागताचं ई-व्हाउचर ५,००० रुपयांचं, हे त्याचं उदाहरण. दोन, दरवर्षी फी भरल्यावर मिळणारे पॉइंट. एचडीएफसीच्या इन्फिनियाची फी १२,५०० रुपये अधिक जीएसटी, आणि फी भरली की १२,५०० पॉइंट. बँकेच्या स्वतःच्या बुकिंग पोर्टलवर विमान-हॉटेलसाठी वापरला तर एक पॉइंट एक रुपयाचा. तीन, वर्षात अमुक लाख खर्च केल्यावर मिळणारा टप्प्याचा लाभ. आणि चार, विमानतळावरचं लाउंज, म्हणजे बसायची-खायची खास जागा.

लाउंजबद्दल पटकन सांगून टाकतो: वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्या घराने त्याची किंमत हिशेबात धरू नये. बऱ्याच कार्डांवर आता मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज उघडतं, आणि तेवढा खर्च झाला नसेल तर दारावरून परत यावं लागतं.

पहिली पायरी: मागच्या वर्षाचा प्रवास कागदावर मांडा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, आणि निर्णय नेमका इथेच होतो. एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे घरातल्या माणसांनी वर्षभरात केलेला प्रवास, उजवीकडे पैसे कसे दिले ते.

आपल्या भागातल्या एखाद्या घराचा कागद साधारण असा दिसेल. तालुक्याला, यवतमाळला, चंद्रपूरला जाणं-येणं एसटीने. बाईमाणसांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तिकीटच नाही. दिवाळीला पुण्याहून पोरगा येतो तो खाजगी ट्रॅव्हल्सने, आणि ट्रॅव्हल्सचे पैसे एजंटला रोख किंवा फोन-पे. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे किंवा विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिकीट चौकातल्या दुकानातून काढलेलं, पैसे दुकानदाराला रोख. लग्नकार्याला गाडी भाड्याने, पैसे ड्रायव्हरच्या हातात. समृद्धी महामार्गावरचा टोल फास्टॅगमधून.

आता यातला कार्डावर "प्रवास" म्हणून उमटणारा खर्च किती? एसटी नाही. एजंटला दिलेले रोख पैसे नाहीत. गाडीभाडं नाही. फास्टॅगचं रिचार्ज बहुतेक ठिकाणी वॉलेट किंवा बिल भरणा म्हणून नोंदवलं जातं, प्रवास म्हणून नाही. राहिली रेल्वे, तीही स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यातून कार्डाने काढली तरच. म्हणजे वर्षभर भरपूर फिरलेल्या घराचा कागदसुद्धा कार्डाच्या नजरेने जवळपास कोरा निघू शकतो.

याचं कारण बँक तुमचा प्रवास बघत नाही, ती दुकानाचा कोड बघते. प्रत्येक व्यापाऱ्याच्या मशीनला चार आकडी वर्ग क्रमांक असतो. विमान कंपनीसाठी ४५११, प्रवासी रेल्वेसाठी ४११२, बससाठी ४१३१, हॉटेलसाठी ७०११, ट्रॅव्हल एजन्सीसाठी ४७२२. ताडोब्याजवळच्या रिसॉर्टचं मशीन हॉटेलच्या नावाने नसून मालकाच्या दुसऱ्या धंद्याच्या नावाने असेल, तर तुम्ही दोन रात्री राहूनसुद्धा कार्डाला ते हॉटेल वाटणार नाही.

आणखी एक अडचण खास गावाकडची. आपल्याकडे सगळे व्यवहार क्यूआर कोडवर चालतात. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण फक्त रुपे नेटवर्कचं, आणि तेही व्यापाऱ्याच्या क्यूआरवर. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवता येत नाहीत. प्रीमियम ट्रॅव्हल कार्डं बहुतेक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेसची असतात. म्हणजे ते कार्ड पाकिटात राहतं आणि बाजारहाट जुन्याच पद्धतीने होतो. कार्ड घेण्याआधी नेटवर्क कोणतं, हे विचाराच.

दुसरी पायरी: लाभाची खरी किंमत काढा

फोनवरचे "दहा हजार फी" हे खरे दहा हजार नसतात. वार्षिक फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. पहिल्या स्टेटमेंटमध्ये दोन ओळी दिसतील: वार्षिक शुल्क १०,०००, त्याखाली कर १,८००. गेले ११,८००. दहा हजारांचा लाभ पूर्णच्या पूर्ण वापरला तरी १,८०० रुपये तुटीत आहात.

आता लाभाकडे या. तुम्ही कार्ड नसतं तरी जो खर्च करणारच होता, तेवढाच धरायचा. पुण्याचा पोरगा दरवर्षी दिवाळीला विमानानेच नागपूरला येत असेल, तर दहा हजारांचं विमान व्हाउचर त्याला खरोखर दहा हजारांच्या आसपास पडतं. पण तो एरवी ट्रॅव्हल्सने दीड-दोन हजारांत येत असेल आणि व्हाउचर आहे म्हणून विमानात बसला, तर त्याचे वाचले ते ट्रॅव्हल्सचे दोन हजार. बाकीचे आठ हजार त्याने केले नसते अशा चैनीवर गेले. चैन वाईट नाही, आईला एकदा विमानात बसवायचं असेल तर जरूर बसवावं. फक्त त्याला बचत म्हणू नये.

बँकेच्या पोर्टलवरचीच तिकिटं घ्यावी लागत असतील, तर तेच विमान, तीच तारीख, कंपनीच्या संकेतस्थळावर किती रुपयांना आहे ते शेजारी उघडून बघा. पोर्टलवर चारशे-पाचशे जास्त आणि वरून सुविधा शुल्क निघालं, तर तेवढं वजा करा. नागपूरहून ठरावीक शहरांनाच थेट उड्डाणं आहेत, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. तुमच्या जवळच्या विमानतळावरून तुम्हाला हव्या त्या गावी जाणारं विमान त्या पोर्टलवर दिसतं का, हे कार्ड घेण्याआधी पाहता येत असेल तर पाहून ठेवा.

तिसरी पायरी: टप्प्याच्या लाभाला भुलू नका

"वर्षात चार लाख खर्च करा, अमुक हजारांचं प्रवास व्हाउचर मिळवा." शेतकरी घराला हे सोपं वाटतं, कारण खरिपात कृषी केंद्राचं बिलच मोठं असतं. बियाणं, डीएपी, फवारणीची औषधं, सगळं कार्डावर टाकलं की टप्पा गाठला, असं मनात येतं.

पण तालुक्याच्या कृषी केंद्रात कार्ड पुढे केलं की दुकानदार म्हणतो, "भाऊ, कार्डावर दोन टक्के जास्त लागन." त्याच्यावर रागावून उपयोग नाही, मशीनचं कमिशन त्याच्या मार्जिनमधून जातं. चार लाखांवर दोन टक्के म्हणजे आठ हजार रुपये. पाच हजारांचं व्हाउचर मिळवायला आठ हजार घालवले! शिवाय पेट्रोल-डिझेल, वॉलेट भरणा, घरभाडं, सरकारी भरणे आणि ईएमआय हे खर्च पुष्कळ कार्डांवर टप्प्यात धरलेच जात नाहीत. ही यादी अटींच्या कागदात शेवटी, बारीक अक्षरात असते. ती मागून घ्या आणि आपल्या खर्चाशी ओळीने ताडून बघा.

इथेच सगळ्यात मोठा धोका सांगायचा आहे. कार्डाचं बिल दर महिन्याला येतं. कापसाचा पैसा तसा येत नाही. पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे, भाव पडले म्हणून माल घरात थांबवला तर पैसा जानेवारी-फेब्रुवारीत. जुलैमध्ये खतासाठी पन्नास हजार कार्डावर टाकले आणि "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरत राहिलात, तर महिना साडेतीन टक्के दराने १,७५० रुपये व्याज, त्यावर जीएसटी ३१५. तीनच महिन्यांत सहा हजारांवर. आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. पीककर्जाचं व्याज आणि हे व्याज यांची तुलनाच होऊ शकत नाही. ज्याचं उत्पन्न हंगामी आहे त्याने शेतीचा खर्च या कार्डावर टाकू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. महिन्याच्या पगाराचं घर असेल, पूर्ण बिल बँकेतून आपोआप कापलं जाण्याची सोय लावलेली असेल, तरच पुढच्या पायऱ्या वाचण्यात अर्थ आहे.

चौथी पायरी: कार्ड घेतलंच, तर पहिल्या महिन्यात काय करायचं

तीन तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका: फी कधी लागली, लाभ कधीपर्यंत वापरायचा, आणि पुढच्या फीच्या दीड महिना आधीची तारीख. लाभाचं वर्ष कसं मोजतात हे कस्टमर केअरला लेखी विचारा, म्हणजे ई-मेलवर. कार्डाच्या तारखेपासून, जानेवारीपासून की एप्रिलपासून, तिन्ही प्रकार असू शकतात. व्हाउचरचा कोड एसएमएसने आला तर त्याची मुदत वेगळी असते. गावी जुनं सिम बंद पडलं, नंबर बदलला, म्हणून कोड आलाच नाही असं होऊ देऊ नका.

आई-वडिलांच्या नावाने ॲड-ऑन कार्ड (तुमच्याच खात्यावरचं जादा कार्ड) काढण्याची गरज सहसा नसते. तिकीट तुमच्या कार्डाने काढा, प्रवासी म्हणून त्यांची नावं टाका.

तिकीट काढल्यावर लगेच दोन गोष्टी जपून ठेवा: बुकिंगचा ई-मेल आणि त्या महिन्याचं स्टेटमेंट. स्टेटमेंटमध्ये विमान कंपनीच्या नावासमोर रक्कम दिसेल. क्रेडिट किंवा पॉइंट जमा झाले की वेगळी ओळ येते, आणि तिथे रकमेपुढे जमा असल्याची खूण असते. तिकीट रद्द केलं तर दिलेलं क्रेडिट आणि पॉइंट परत काढून घेतले जाऊ शकतात, त्यामुळे पोळ्याला काढलेलं दिवाळीचं तिकीट रद्द करताना हेही लक्षात असू द्या. पुढच्या दोन स्टेटमेंटपर्यंत जमा दिसलं नाही तर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

एक सावधगिरी इथेच. "तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतात, ही फाइल उघडा" असे व्हॉट्सॲप निरोप गावोगाव फिरतात. त्या फाइलमधून मोबाइलचा ताबा जातो आणि ओटीपी परस्पर वाचले जातात. पॉइंट बघायचे तर बँकेच्या ॲपमध्येच बघा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

पाचवी पायरी: दुसऱ्या वर्षाची फी येण्याआधी पुन्हा कागद काढा

पहिल्या वर्षी स्वागताचं व्हाउचर असतं, दुसऱ्या वर्षी ते नसतं. म्हणून पहिल्या वर्षी परवडलेलं कार्ड दुसऱ्या वर्षी परवडेलच असं नाही. पुन्हा तेच दोन रकाने पाडा. या वेळी अंदाज नकोत, वर्षभराची स्टेटमेंटं समोर ठेवून खरे आकडे लिहा. फी अधिक कर एका बाजूला, खरोखर वाचलेले पैसे दुसऱ्या बाजूला. बँकेने खर्चाच्या जोरावर फी माफ केली, तर नूतनीकरणाचे पॉइंट त्या वर्षी मिळतात की नाही हेही विचारा. बऱ्याचदा दोन्हींपैकी एकच मिळतं.

आकडे जुळत नसतील तर बँकेला दोन गोष्टी मागता येतात: फी माफी, किंवा त्याच बँकेचं कमी फीचं कार्ड. फोनवर नम्रपणे पण ठामपणे मागा. पुष्कळदा मिळतं.

कार्ड बंदच करायचं ठरलं तर आधी पॉइंट वापरून संपवा, सगळी स्टेटमेंटं उतरवून घ्या, बाकी पूर्ण भरा, आणि ओटीटी-विमा वगैरेंचे आपोआप कापले जाणारे हप्ते त्या कार्डावरून काढा. मग बंद करण्याचा अर्ज ॲपवरून किंवा ई-मेलने द्या, फक्त तोंडी सांगू नका. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. त्याच निर्देशांत न मागितलेलं कार्ड गळ्यात मारायलाही मनाई आहे. तसं कार्ड घरी आलं तर ते सुरू करू नका, ओटीपी देऊ नका. संमती मिळाली नाही तर बँकेला ते कोणतंही शुल्क न घेता बंद करावं लागतं.

कार्ड बंद झाल्याचं पत्र किंवा ई-मेल सांभाळून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात हे खातं "बंद" आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. तसं नसेल तर ते पत्र जोडून बँक आणि सिबिल दोघांकडेही दुरुस्ती मागा, आणि हे पुढच्या पीककर्जाचा किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाचा अर्ज देण्याआधी उरकून घ्या.